दुकानदाराला नगरसेवकपदाला उभं राहायचं असेल तर धंद्यातलं आधी काय आवरायचं?

सिमेंट_सळई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. 'ब' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत बांधकाम साहित्याचं दुकान आहे. सिमेंट, सळई, पीव्हीसी पाइप, फिटिंग असा माल. फर्म भागीदारीतली, मी आणि धाकटा भाऊ निम्मे-निम्मे. पुढची नगरपरिषद निवडणूक लढवायचा विचार पक्का होत आलाय. प्रभागात ओळख आहे, एका पक्षाकडून विचारणाही झाली आहे. उभं राहायचं की नाही याचा शेवटचा निर्णय खालच्या गोष्टी सुटतात का, त्यावर घ्यायचा आहे.

फर्म नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला अधूनमधून पाइप-फिटिंग देते. एक पुरवठा आदेश पूर्ण झालाय, पण बिल आणि अनामत निघायची आहे. नगरपरिषदेची कामं घेणारे दोन ठेकेदार आमच्याकडून उधारीवर माल उचलतात. दुकानाचा एक गाळा नगरपरिषदेच्या संकुलात भाड्याने आहे आणि त्याच्या मागे सळई ठेवायला पत्र्याची शेड आहे. शेडला परवानगी नाही.

यातलं काय धोक्याचं, काय चालण्यासारखं? आवराआवर किती आधी सुरू करावी? आणि निवडणुकीचा पैसा फर्ममधून काढला तर हिशेब कसा ठेवायचा?

कलम_वाचक

पक्षाशी पुढचं बोलणं करण्याआधी नगरपरिषदेत तुमच्या नावाने आणि फर्मच्या नावाने काय काय नोंदलेलं आहे ते काढा. व्यापारी उमेदवार मतं कमी पडून हरला तर पाच वर्षांनी परत उभा राहू शकतो. निवडून येऊन अपात्र ठरला तर पद जातं, पैसा जातो आणि धंद्याचं नावही खराब होतं. अपात्रतेचा कागद बहुतेक वेळा नगरपरिषदेच्याच कपाटात असतो, आणि विरोधक तो माहिती अधिकारात मागवून घेतो.

कायदा आहे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. कलम १६ मध्ये कोण सदस्य होऊ शकत नाही ते आहे आणि कलम ४४ मध्ये निवडून आल्यावर पद कशाने जातं ते आहे. दोन्ही शांतपणे वाचून काढा. तुमचे चारही मुद्दे तिथेच येतात.

पुरवठा आदेश: नगरपरिषदेच्या कामात किंवा कराराच्या व्यवहारात स्वतःचा, किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर अपात्रता येते. 'भागीदारामार्फत' हा शब्द नीट लक्षात घ्या. आदेशावर सही भावाची असली तरी फर्म एकच आहे. किरकोळ, प्रसंगाने झालेल्या विक्रीला कायद्याने ठराविक रकमेपर्यंत सूट ठेवली आहे, पण तिच्यावर विसंबू नका. वर्षातली सगळी बिलं एकत्र धरली की ती मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

माल पोचला म्हणजे करार संपला असं समजू नका. अंतिम बिल बाकी, अनामत अडकलेली, वर मालाची हमी चालू, असं असेल तर 'करार अजून जिवंत आहे' असा युक्तिवाद करायला विरोधकाला आयती जागा मिळते. म्हणून क्रम असा ठेवा: नवीन दरपत्रकं देणं आजच बंद, पुरवठादारांच्या यादीतून फर्मचं नाव काढण्याचा लेखी अर्ज, अंतिम बिल आणि अनामत यांचा लेखी पाठपुरावा, आणि सगळं निघाल्यावर 'या फर्मकडे नगरपरिषदेचं कोणतंही काम वा पुरवठा चालू नाही' असा दाखला. प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. बिल निघायला वर्ष सहज जातं, त्यामुळे दीड-दोन वर्षं आधी सुरुवात केली तरी ती फार लवकर होत नाही.

ठेकेदारांची उधारी: बाजारभावाने, पक्क्या बिलावर, कोणत्याही गिऱ्हाइकाला देतो तसा माल ठेकेदाराला विकणं म्हणजे त्याच्या ठेक्यात वाटा असणं नव्हे. अडचण होते ती उधारी वसूल करण्याच्या पद्धतीत. 'नगरपरिषदेचं बिल निघालं की देतो' इथपर्यंत ठीक. पण ठेकेदाराने बिल थेट तुमच्या खात्यात वळवायचं संमतीपत्र दिलं असेल, बिल उचलायचं कुलमुखत्यारपत्र तुमच्या नावे असेल, त्याची अनामत तुम्ही भरली असेल किंवा त्याच्या बँक हमीला तुम्ही जामीन असाल, तर तो व्यवहार साध्या विक्रीचा राहत नाही. असले कागद आधी रद्द करून घ्या आणि रद्द केल्याची प्रत लेखा विभागात द्या. उधारीला मुदत घाला आणि ती बिलावर छापा.

गाळा: स्थावर मालमत्तेचा भाडेकरार आणि कामाचा ठेका कायद्यात वेगळे धरले आहेत. भाडेकरू आहात एवढ्याने अपात्रता येत नाही, थकबाकीने येते. नगरपरिषदेने रीतसर बिल बजावलं आणि ते भरलं नाही तर कलम १६ लागतं. गाळाभाडं, मालमत्ता कर, पाणीपट्टी, सगळं चुकतं करा. घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर त्याचीही पट्टी भरून टाका, वारसांपैकी कोणाकडे बाकी यावरून वाद नको. भाडेवाढीचा वाद चालू असेल तर रक्कम 'हक्क राखून' भरा आणि वाद पुढे चालवा. थकबाकी नसल्याचा दाखला मात्र अर्ज भरायच्या आठवड्यात ताजा घ्या, सहा महिन्यांपूर्वीचा कामाचा नाही.

शेड: चारपैकी सर्वांत धोकादायक हीच. कलम ४४ प्रमाणे सदस्याने स्वतः, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केलेलं असेल तर सदस्यपद जातं. विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. 'शेडची पट्टी भरतो, म्हणजे ती कायदेशीर' हा समज साफ चुकीचा आहे. कर आकारला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. तुमची शेड तर नगरपरिषदेच्याच जागेवर दिसते, म्हणजे अतिक्रमणाचाही प्रश्न आला. ती काढा. काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, काढल्याचं पत्र, शक्य असेल तर बांधकाम विभागाचा स्थळपाहणी अहवाल, असं सगळं फाइलला लावा. घराचंही तपासा. सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) टाकलेला जिना, बंदिस्त केलेलं पार्किंग, गच्चीवरची खोली. जे नियमावलीत बसतं ते आर्किटेक्टकडून नियमित करून घ्या, बसत नाही ते पाडा.

अपत्यांची अटही बघून घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर जात असेल तर अपात्रता आहे.

ताळेबंद

वरच्या उत्तराशी सहमत. पैशाचं मी लिहितो, कारण भागीदारीच्या फर्ममध्ये इथेच गोंधळ उडतो.

निवडणुकीचा खर्च हा धंद्याचा खर्च नाही. तो जाहिरात, प्रवास, 'व्यवसायवृद्धी' या खात्यांत टाकून नफ्यातून वजा करता येत नाही. बॅनर फर्मच्या नावाने छापले आणि बिल जाहिरात खात्यात घातलं की तीन गोष्टी एकदम बिघडतात: आयकरात वजावट नामंजूर होते, जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) चुकीचं ठरतं, आणि तोच खर्च निवडणुकीच्या हिशेबात दाखवलेला नसेल तर लपवलेला खर्च म्हणून पुढे येतो. शिवाय अर्धा बोजा न विचारता भावाच्या नफ्यावर पडतो. घरातली कटकट अशीच सुरू होते.

बरोबर पद्धत अशी. फर्ममधून पैसे उचल म्हणून काढा, ते तुमच्या भांडवल खात्याला नावे पडू द्या. उचलीची कमाल रक्कम भावाशी आधी लेखी ठरवा. भागीदारी पत्रात उचलीवर व्याज असेल किंवा 'प्रत्येक भागीदाराने पूर्ण वेळ द्यावा' असं कलम असेल तर पुरवणी करारनामा करून ते बदला. उचल तुमच्या वैयक्तिक खात्यात, तिथून निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यात, आणि सगळा खर्च त्या एकाच खात्यातून. नातेवाइकांनी दिलेले पैसेही बँकेतूनच घ्या. रोखीने वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने घेणं आयकर कायद्यात चालत नाही.

दुकानातला माल वापरलात, म्हणजे मंडपाला पाइप, फलकांना सळई, तर तोही खर्च आहे. स्टॉकमधून काढल्याची नोंद करा, त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट उलटवा आणि निवडणुकीच्या हिशेबात त्याची किंमत धरा. दुकानाचा टेम्पो प्रचाराला वापरायचा असेल तर परवानगी घ्यायची आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरसूचीप्रमाणे भाडं खर्चात दाखवायचं. गाडी घरची असली तरी. कामगार पगारी वेळेत प्रचार करत असतील तर तो पगार फर्मच्या माथी मारू नका. त्या दिवसांची बिनपगारी रजा लावा आणि मोबदला निवडणुकीच्या खात्यातून द्या.

२०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाची खर्चमर्यादा सदस्यासाठी 'अ' वर्गात ५ लाख, 'ब' वर्गात ३ लाख ५० हजार आणि 'क' वर्गात २ लाख ५० हजार होती. थेट नगराध्यक्षासाठी त्याच क्रमाने १५ लाख, ११ लाख २५ हजार आणि ७ लाख ५० हजार. पुढच्या वेळी आकडे बदलू शकतात, आदेश निघाला की बघा. तुमच्या वर्गात साडेतीन लाख धरून चाला, आणि कागदावर तीन लाखांचंच नियोजन करा. उरलेले पन्नास हजार न सांगता होणाऱ्या खर्चासाठी लागतात. कोणी उत्साही मित्राने तुमचा फोटो टाकून फलक लावला तर तो तुमच्या खर्चात येतो.

हिशेब रोजचा रोज द्यायचा असतो आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब शपथपत्रासह सादर करायचा असतो. हरलेल्यांनी आणि बिनविरोध आलेल्यांनीही. बरेच पराभूत उमेदवार कंटाळून तो देत नाहीत आणि आयोग त्यांना काही वर्षांसाठी अपात्र ठरवतो. वह्या दुकानाच्या मुनीमजींवर सोडू नका, प्रचाराच्या दिवसांत फक्त हेच काम करणारा एक माणूस वेगळा ठेवा. रोज रात्री पावत्या तारखेने लावायच्या, बिल नसेल तर व्हाउचरवर घेणाऱ्याची सही. पत्रकं-फलकांवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे की नाही, हे छपाईला देतानाच बघायचं.

आता शपथपत्र. मालमत्ता स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची दाखवायची. व्यापारी हमखास विसरतात त्या गोष्टी: फर्ममधलं भांडवल (शेवटच्या ताळेबंदाप्रमाणे), फर्मच्या कॅश क्रेडिटला (बँकेच्या खेळत्या कर्जाला) दिलेली वैयक्तिक हमी, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावची मालमत्ता, पतसंस्थेतले शेअर आणि ठेवी, बंद पडलेलं जुनं बँक खातं, जीएसटी किंवा विक्रीकराची वादातली मागणी. देणं वादात असेल तर 'वादग्रस्त, अपील प्रलंबित' असं लिहून दाखवा. शपथपत्रातला आकडा आणि आयकर विवरणपत्रातला आकडा एकमेकांशी जुळले पाहिजेत.

खटल्यांचंही तसंच. ई-कोर्ट्सवर स्वतःचं नाव आणि फर्मचं नाव, दोन्ही टाकून शोध घ्या. चेक न वटल्याची कलम १३८ ची तक्रार भागीदारावर सहज होते, तडजोड झाली असं समजून माणूस विसरतो आणि न्यायालयात प्रकरण चालूच असतं. त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका पंचायत निवडणुकीच्या प्रकरणात गुन्ह्यांची माहिती दडवणं हा मतदारांवर गैरवाजवी प्रभाव मानला आणि ती निवडणूक रद्दच राहिली. दाखवलेल्या खटल्याने सहसा फार मतं जात नाहीत, दडवलेला मात्र घात करतो.

बूथप्रमुख

कागदपत्रांचं वर आलंच आहे. 'प्रभागात ओळख आहे' या वाक्याबद्दल बोलतो.

दुकानाची ओळख आणि मतांची ओळख यांत बरंच अंतर असतं. बांधकाम साहित्याचं गिऱ्हाईक अख्ख्या शहरातून आणि आसपासच्या गावांतून येतं. ते तुमच्या प्रभागात मत देत नाही. तेव्हा प्रभागाची मतदार यादी घ्या आणि उधारीच्या वहीतली नावं तिच्यात शोधा. शंभरातली पंधरा-वीसच सापडली तर आश्चर्य नको. त्यातही थकलेली उधारी असलेला माणूस तुम्हाला टाळतो. निवडणुकीच्या तोंडावर त्याच्या मागे वसुली लावलीत तर मत गेलं, आणि मताच्या बदल्यात उधारी सोडलीत तर ती लाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये सरळ येते. वसुलीचा निकाल निवडणुकीच्या वर्षाआधीच लावा.

आकडेमोड करून बघा. समजा प्रभागात ५,००० मतदार आहेत आणि ७० टक्के मतदान झालं, म्हणजे ३,५००. तिरंगी लढतीत साधारण १,४०० मतांना जागा पदरात पडते. घरामागे चार मतदार धरले तर १,२५० घरं. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत एका गटाची पन्नास घरं होतात, त्यापेक्षा जास्त केली तर नुसता नमस्कार होतो. म्हणजे एक फेरी पंचवीस संध्याकाळींची. माघारीपासून मतदानापर्यंत एवढे दिवस मिळतच नाहीत. पहिली फेरी आचारसंहितेच्या खूप आधी, मत न मागता, व्हायला हवी. वहीत घरागणिक लिहा: किती मतदार, कोण बाहेरगावी, कोण मयत, गटार-पाणी-दिव्याची काय तक्रार. संध्याकाळी सहा ते नऊ हीच दुकानाच्या गल्ल्याचीही वेळ, हे भावाशी बोलून ठेवा.

नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारणपणे दोन सदस्य निवडले जातात आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून, त्यामुळे मतदार एकाच फेरीत तीन मतं देतो. मतदाराने तिन्ही बटणं तुमच्याच पॅनलची दाबली पाहिजेत. जोडीदार उमेदवार कमजोर असेल तर तुमचीही मतं फुटतात. पक्षाशी बोलताना 'मला तिकीट' एवढंच बोलू नका, 'माझ्याबरोबर कोण' हेही तितकंच महत्त्वाचं.

आणि सगळ्यात मोठी अनिश्चितता म्हणजे सोडत. जागा महिलांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी किंवा नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी राखीव निघू शकते. निम्म्या जागा महिलांच्या. दोन-तीन वर्षं एकाच प्रभागात मेहनत करायची आणि सोडतीत जागा जायची, हे दर वेळी कितीतरी जणांच्या वाट्याला येतं. शेजारच्या प्रभागातून लढता येतं, तुमचं नाव त्याच नगरपरिषदेच्या यादीत असलं की पुरे. सूचक (अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारा) मात्र ज्या प्रभागातून लढता तिथलाच मतदार हवा. राखीव जागेवर लढायची शक्यता असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम आताच हाती घ्या. समितीकडे एक जुना पुरावा कमी पडला तरी महिने जातात.

प्रारूप मतदार यादी आली की हरकतीच्या मुदतीत बसून वाचा. प्रभागाच्या सीमेवरची अख्खी गल्ली दुसऱ्या यादीत गेलेली असते. मुदत थोड्या दिवसांची असते, नंतर कोणी ऐकत नाही.

अर्ज कुठे बाद होतात ते सांगतो. रकाना कोरा राहतो (तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं, रेघ मारायची नाही), सूचक दुसऱ्या प्रभागातला निघतो, शपथपत्राच्या एखाद्या पानावर सही राहते, यादीतलं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं असतं. अपक्षाला आणि पक्षाच्या उमेदवाराला लागणाऱ्या सूचकांची संख्या वेगळी असू शकते, त्या निवडणुकीच्या सूचना वाचा. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून छापायचा असेल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी संकेतस्थळ हमखास रेंगाळतं. पक्षाचा एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचं पत्र) शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत, मूळ सहीचा, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या हातात पडला पाहिजे. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. तिकीट 'नक्की' असलेल्या किती जणांचा एबी फॉर्म अडीच वाजता दुसऱ्याच्या नावाने येतो! तेव्हा अपक्ष म्हणून लागणारे सूचक आणि कागद तयार ठेवूनच रांगेत उभे राहा.

छाननीत अर्ज बाद झाला तर नगरपरिषदेच्या निवडणुकीत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत अगदी तोकडी असते. वकील आधीच बोलून ठेवा.

सिमेंट_सळई

सगळ्यांचे मनापासून आभार. शेड काढायचं ठरवलं. दोन उपप्रश्न. एक, भावाला नगरपरिषदेचा पुरवठा सोडायचा नाही. मी फर्ममधून बाहेर पडलो तर त्याला तो चालू ठेवता येईल का? दुसरा, जागा महिला राखीव निघाली तर पत्नीला उभं करायचं असं घरात बोलणं आहे. तेव्हा माझ्या धंद्याचे हे प्रश्न आपोआप सुटतात ना?

कलम_वाचक

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही, सुटत नाहीत. अनधिकृत बांधकामाच्या कलमात जोडीदार स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे तुम्ही उभारलेली शेड वहिनींचंही पद घालवू शकते. ठेक्याच्या बाबतीत नुसतं नातं पुरेसं नसतं, हितसंबंध दाखवावा लागतो. पण घरखर्च त्याच फर्मच्या उत्पन्नावर चालतो, खातं दोघांचं संयुक्त आहे, गोदामाची जागा वहिनींच्या नावे आहे, फर्मच्या कर्जाला त्या जामीनदार आहेत, असं सापडलं की नातं सोडून बरंच काही हाती लागतं. घरातून कोणीही उभं राहिलं तरी आवराआवर तीच.

वहिनींना उभं करायचं असेल तर वहिनींनाच तयारी करू द्या. सभेत बसायचं, विषय वाचायचे, मत द्यायचं, सह्या करायच्या, हे सगळं त्यांचं काम आहे. घरोघरच्या पहिल्या फेरीपासून त्या सोबत हव्यात, आणि इच्छा त्यांची स्वतःची हवी. सोडतीनंतर आठवडाभरात नाव पुढे करणं त्यांच्यावरही अन्याय आणि मतदारांवरही.

ताळेबंद

भावाच्या प्रश्नावर. दोनच भागीदार असताना एक निवृत्त झाला तर भागीदारी उरतच नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. धंदा भावाच्या मालकीचा होतो, फर्मचा पॅन पुढे चालत नाही, नवीन जीएसटी नोंदणी लागते, शिल्लक इनपुट क्रेडिट रीतसर वर्ग करावं लागतं, बँकेचं कॅश क्रेडिट नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं आणि सिमेंट कंपनीची डीलरशिपही नव्या नावाने मागावी लागते. हे टाळायचं तर आधी तिसरा भागीदार आत घ्यायचा आणि मग तुम्ही बाहेर पडायचं, म्हणजे फर्म तीच राहते. जीएसटीत भागीदारांचा बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. निबंधकांकडे बदलाची नोंद आणि निवृत्तीची जाहीर सूचना, दोन्ही करा. सूचना नसेल तर तुमच्यानंतर फर्मने केलेल्या व्यवहारांची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते.

पण ही निवृत्ती खरी असली पाहिजे. भांडवल काढून घ्या, बँकेकडून वैयक्तिक हमीतून लेखी मुक्तता घ्या, दुकानाची जागा तुमची असेल तर भावाशी बाजारभावाने भाडेकरार करा. कागदावर बाहेर आणि संध्याकाळी गल्ल्यावर, असं असेल तर करू नका. त्यातही तिसरा भागीदार तुमची पत्नी किंवा तुमच्यावर अवलंबून असलेला मुलगा असेल तर सगळी खटपट वाया.

माझं मत विचाराल तर फर्मनेच नगरपरिषदेचा पुरवठा सोडावा. गेल्या तीन वर्षांच्या वह्यांतून त्या पुरवठ्याचा निव्वळ नफा काढा, अडकलेल्या बिलांवरचं व्याज त्यातून वजा करा. जो आकडा उरेल तो भावापुढे ठेवा. बहुतेक वेळा तो इतका छोटा निघतो की भांडायचं कारण राहत नाही.

सभागृह_गॅलरी

निवडून आल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

कलम ४४ चा आणखी एक भाग व्यापाऱ्यांना अडकवतो. ज्या विषयात स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे त्याच्या चर्चेत भाग घेणं किंवा त्यावर मत देणं हेही अपात्रतेचं कारण आहे. तुम्ही संकुलातले भाडेकरू. गाळाभाड्याचा, गाळ्यांच्या नूतनीकरणाचा विषय सभेपुढे येणारच. त्या वेळी हितसंबंध जाहीर करायचा, चर्चेत पडायचं नाही, मत द्यायचं नाही, आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली की नाही हे पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना वाचून बघायचं. नोंद नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. 'मी बोललो नव्हतो' हे नंतर सिद्ध करायला दुसरं साधन नसतं.

विषयपत्रिका आली की प्रत्येक विषयापुढे 'फर्मचा ग्राहक / ठेकेदार / जागा' अशी खूण करायची सवय लावा. पाइपलाइनच्या कामाचा विषय असेल आणि निविदा भरणारा ठेकेदार तुमच्याकडे मोठ्या उधारीत असेल, तर कायद्याने तुम्ही सुटलात तरी गावात सुटत नाही. तुमच्या जागी असणाऱ्याने पाणीपुरवठा समितीवर जाऊच नये असं मला वाटतं. आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण यांतही भरपूर काम आहे.

कामाबद्दलची अपेक्षाही नीट ठेवा. कार्यकारी अधिकार मुख्याधिकाऱ्यांकडे असतात. नगरसेवक स्वतःच्या सहीने नळजोडणी देऊ शकत नाही की गटार बांधू शकत नाही. तो विषय मांडतो, अंदाजपत्रकात तरतूद करायला लावतो, पाठपुरावा करतो. दुकानात निर्णय घेतला की संध्याकाळपर्यंत अंमलात येतो. इथे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश असा प्रवास आहे आणि त्यात वर्ष निघून जातं. मतदाराला शब्द देताना हा हिशेब धरा. पहिल्या वर्षी दिवे, कचरा, गळती दुरुस्ती अशी चालू तरतुदीतून होणारी कामंच कबूल करा.

तिकिटाचं शेवटचं. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात तर पक्षादेश पाळावा लागतो. अपक्ष निवडून येऊन नंतर पक्षात गेलात तरी पद जाऊ शकतं. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ मध्ये दोन्ही आहे. व्यापाऱ्याला वाटतं अपक्ष राहिलं की सगळ्यांशी संबंध टिकतात, आणि गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते खरंही आहे. पण नगराध्यक्षांच्या गटात नसलेल्या अपक्षाचे विषय पत्रिकेवर मागे पडतात. गिऱ्हाईक सांभाळायचं की विषय पुढे न्यायचे, हे एबी फॉर्म घेण्याआधी घरात बसून ठरवा.

दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, टेम्पोवर स्वतःचा फोटो किंवा पक्षाचं चिन्ह घालू नका. आचारसंहितेत तेवढ्यावरून तक्रार होते, आणि दुसऱ्या पक्षाचं गिऱ्हाईक सळई घ्यायला पुढच्या दुकानात जातं. दुकानाच्या बाकीच्या परवान्यांची फाइलही पूर्ण करून ठेवा: वजनकाट्याची पडताळणी, अग्निशमन, वीस किंवा जास्त कामगार असतील तर दुकाने व आस्थापना नोंदणी. उमेदवारी जाहीर झाल्यावर निनावी तक्रारींची सुरुवात इथूनच होते.